2020 साली पहिलीत बसलेल्या मुलांची यादी काढा

प्रति,
मुख्य कार्यकारी अधिकारी आणि शिक्षणाधिकारी (प्राथमिक),
जिल्हा परिषद जळगाव, धुळे आणि नंदुरबार

सप्रेम नमस्कार.

येत्या जूनमध्ये आपल्या तिन्ही जिल्ह्यांतली एक तुकडी सातवीत जाईल. या मुलांची नावं पहिलीच्या पटावर चढली ती 2020 च्या जूनमध्ये, कोरोनामुळे शाळेला कुलूप असताना. शाळा त्या वर्षी मार्चच्या मध्यातच बंद झाल्या होत्या. खेड्यांतले पहिली ते चौथीचे वर्ग उघडायला 1 डिसेंबर 2021 उजाडला, आणि जानेवारीत तिसऱ्या लाटेने ते पुन्हा बंद पडले. म्हणजे अख्खी पहिली आणि जवळजवळ अर्धी दुसरी या मुलांनी वर्गात बसून काढलीच नाही. एप्रिल 2021 मध्ये पहिली ते आठवीच्या सगळ्यांना परीक्षा न घेता पुढच्या वर्गात घालायचं ठरलं. तेव्हा दुसरा इलाज नव्हता, हे मी मानते. पण पुढच्या वर्गात घातलेल्या या मुलांना वाचता येतं का, हे नंतर एकेकाचं नाव घेऊन कुणी पाहिलं का? हे पत्र त्यासाठी आहे.

मी चोपडा तालुक्यातल्या एका गावातली शेतकरी बाई. आमच्या शाळेच्या व्यवस्थापन समितीची अध्यक्ष आहे. माझा धाकटा मुलगा याच तुकडीतला. गावाचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. नाव लिहिलं की दुसऱ्या दिवशी खुलासा मागितला जातो आमच्या गुरुजींकडे आणि बाईंकडे. ज्यांनी तोंडाला रुमाल बांधून ओट्या-ओट्यावर पोरं बसवली, त्यांनाच शेवटी कागद लिहीत बसावं लागावं असं मला वाटत नाही. शिवाय मी जे सांगते आहे ते एका गावाचं नाहीच. रावेर-यावलच्या केळीच्या पट्ट्यात, शिरपूरच्या पाड्यांवर, साक्रीच्या डोंगरात, तळोदा-अक्कलकुवा-धडगावात कुठेही जाऊन सहावीच्या वर्गात तासभर बसा.

आमच्या समितीने या मुलांना एकदा तिसरीच्या पुस्तकातला एक धडा वाचायला दिला. काही मुलं झरझर वाचून मोकळी झाली. काही अक्षर-अक्षर जोडत जातात आणि ओळ संपेपर्यंत तिची सुरुवात विसरतात. आणि काही अशी आहेत, की त्यांच्या वह्या पाहिल्या तर तुम्ही खूश व्हाल. अक्षर मोत्यासारखं, समास आखलेले, तारीख घातलेली. फळ्यावरचं सगळं उतरवून घेतलेलं. त्याच वहीतली त्यांनीच लिहिलेली ओळ वाचायला सांगा, की मान खाली जाते. या मुलांनी सहा वर्षांत आपलं न येणं झाकायला शिकून घेतलं आहे, कारण कुणाला ते विचारायला सवडच नव्हती. वह्या तपासणाऱ्या अधिकाऱ्यालाही ते दिसत नाही. म्हणून ते कुठल्याच अहवालात नाही.

हे कसं झालं ते आपल्याला ठाऊक आहे, तरी घरात राहून आम्ही जे पाहिलं ते सांगते. तुमच्या फायलीत त्या काळाचं नाव 'शाळा बंद, पण शिक्षण चालू' असं असेल. अभ्यासमाला रोज मोबाईलवर येत होती. 20 जुलै 2020 पासून सह्याद्री वाहिनीवर 'टिलीमिली' लागायची, ती चांगली होती, आमच्या घरात लहान-मोठे सगळे बघायचे. सरकारचं दीक्षा हे अभ्यासाचं ॲप होतं. ज्यांनी हे केलं त्यांनी मनापासून केलं. पण हे सगळं पोचायला घरात जे लागतं ते कुणी मोजलं नव्हतं. फोन एकच, तो घरधन्याच्या खिशात, आणि घरधनी सकाळी मळ्यात. तो घरी यायचा तेव्हा पोरं झोपेला आलेली. असर या संस्थेच्या 2021 च्या देशभरातल्या पाहणीत दिसलं, की ज्या मुलांच्या घरी स्मार्टफोन आहे त्यांच्यातल्याही सुमारे चौथ्या हिश्श्याच्या मुलांना तो अभ्यासाला मिळतच नव्हता. घरात फोन असणं आणि पोराच्या हातात फोन असणं यात केवढं अंतर आहे, हे कुठल्याही आईला विचारलं असतं तरी कळलं असतं. आणि सातपुड्याच्या आत तर फोन असूनही रेंज नाही. टेकडीच्या एका विशिष्ट दगडावर उभं राहिलं की एखादी काडी यायची.

त्या दिवसांत घर म्हणजे काय होतं तेही लिहिते. सुरतेला, नाशिकला, पुण्याला कामाला गेलेले दीर-पुतणे परत आले. नवापूरकडून धुळ्याच्या रस्त्याने माणसं पायी चालत आलेली आपण सगळ्यांनी पाहिली. ऊसतोडीला गेलेली कुटुंबं कारखान्यांवर अडकली, त्यांना एप्रिलच्या मध्यानंतर घरी यायची परवानगी मिळाली. आलेल्यांना चौदा दिवस ठेवायचं कुठे, तर शाळेच्या खोल्यांत. ज्या वर्गात आमचं पोर पहिल्यांदा पाटी घेऊन बसायचं, त्या वर्गात बाहेरगावाहून आलेली माणसं सतरंजी टाकून बसली होती, आणि आम्ही पोरांना सांगत होतो, तिकडे फिरकू नका. दोन खोल्यांच्या घरात आठ-दहा माणसं. कापलेली केळी उचलायला व्यापारी नाही. हातात पैसा नाही. पुरुष दिवसभर घरात, चिडलेले, आणि ती चीड कुठे निघायची ते बायकांना आणि पोरांना माहीत. आमच्या जळगाव जिल्ह्याचा कोरोनाचा मृत्युदर मे-जून 2020 मध्ये राज्यभर बोलला जात होता. 2021 च्या एप्रिलमध्ये तर गल्लीत रोज कुणाच्या ना कुणाच्या घरून रडणं ऐकू यायचं. आजी दवाखान्यात गेली ती परत आलीच नाही, तिचं तोंडही बघायला मिळालं नाही, असं किती घरांत झालं. सहा वर्षांच्या पोराला हे कसं समजावायचं? त्यातून पाठ्यपुस्तकाचं पान उघडून 'चल, काना-मात्रा वाच' असं म्हणायला आई-बापाच्या अंगात काय उरलं होतं?

म्हणून 'पालकांनी लक्ष दिलं नाही' हे वाक्य बैठकीत ऐकलं की मला फार लागतं. आमच्यातल्या निम्म्या आयांनी स्वतः चौथीच्या पुढची शाळा पाहिलेली नाही. त्यांनी पोरांना जगवलं. पोषण आहाराचे तांदूळ आणि डाळ घरी आली तेव्हा त्यावर दिवस काढले, आणि ती घरपोच दिल्याबद्दल मी आपले आभारच मानते. धडगाव तालुक्यात एक अंगणवाडी सेविका नर्मदेच्या पाण्यातून स्वतः होडी वल्हवत पाड्यांवरच्या बाळांना आणि गरोदर बायांना आहार पोचवत होती. पोटापर्यंत पोचायचं ठरवलं तर रस्ता नसलेल्या ठिकाणीही पोचता आलं.

भाषेचं मात्र जरा थांबून सांगते, कारण मला वाटतं खानदेशात नुकसान सर्वांत खोल झालं ते इथे, आणि मुंबई-पुण्यात बसून ते दिसत नाही. आमच्या गावठाणात घरोघरी अहिराणी बोलली जाते. पलीकडच्या पाड्यावर पावरी. तळोदा-अक्कलकुव्याकडे भिली, नवापूरकडे मावची, यावल-रावेरकडे लेवा बोली. पुस्तकातली मराठी आमच्या मुलांच्या कानावर पहिल्यांदा पडते ती अंगणवाडीत आणि पहिलीच्या वर्गात. बाई आधी त्यांच्या बोलीत बोलतात, मग हळूहळू पुस्तकाच्या बोलीकडे नेतात. वर्गातली चार मोठी पोरं बोलतात ते ऐकून लहानी शिकतात. खिचडीच्या रांगेत, प्रार्थनेत, मैदानावर, असं दिवसभर ते कानात झिरपत असतं. दोन वर्षं हे बंद पडलं. शहरातल्या घरात शाळा बंद असली तरी पुस्तकातली भाषा घरात चालू होती. आमच्याकडे शाळेबरोबर ती भाषाही बंद झाली. मग 2021 च्या डिसेंबरमध्ये मूल थेट दुसरीच्या पुस्तकासमोर बसलं, तर त्याला अक्षरं नवी, शब्दही नवे. आमच्या शेजारच्या आजी म्हणतात, "पोऱ्या वाचस, पन त्याले समजत नही." मी आजवर ऐकलेला सर्वांत अचूक शेरा हाच. पावरी बोलणाऱ्या पोराचं तर याहून अवघड. त्याला अहिराणीही परकी.

आता सरकारी योजनांकडे या. निपुण भारत 5 जुलै 2021 ला सुरू झालं. तिसरीपर्यंत प्रत्येक मुलाला समजून वाचता यावं, साधी गणितं यावीत, 2026-27 पर्यंत हे साधायचं, असं ठरलं. तीन ते नऊ वर्षांच्या मुलांसाठीचा हा कार्यक्रम. आपल्याकडे त्याचं काम रुळावर येईपर्यंत माझा मुलगा आणि त्याचे सोबती तिसरी ओलांडून गेले. म्हणजे ज्यांचा पाया कच्चा राहिला म्हणून एवढी धावपळ झाली, तीच मुलं वयाने त्यातून बाहेर पडली. 2021 च्या जुलै-ऑगस्टमध्ये 45 दिवसांचा सेतू अभ्यास झाला, पण तो तेव्हाही फोनवरच होता, खेड्यातले लहान वर्ग बंदच होते. आणि तो मागच्या इयत्तेची उजळणी धरून बनवलेला. जे मूल मागच्या इयत्तेत बसलंच नव्हतं त्याने उजळणी कसली करायची?

असरचेच 2022 चे आकडे देशाचे आहेत. तिसरीतल्या ज्या मुलांना दुसरीचा मजकूर वाचता येत होता, ती 2018 मध्ये 27.3 टक्के होती, ती 2022 मध्ये 20.5 टक्क्यांवर आली. पाचवीत 50.5 वरून 42.8. त्यानंतर खालच्या वर्गांत सुधारणा झाल्याचं आपण सांगता आणि ते खरंही असेल. पण ती सुधारणा नंतर आलेल्या मुलांची आहे. आज तिसरीतलं मूल 2020 मध्ये जेमतेम तीन वर्षांचं होतं. त्याला वाचता येतं म्हणून सहावीतल्या मुलालाही आलं असं होत नाही.

एक गोष्ट आपण शेतकऱ्यांच्या जिल्ह्यांत राहतो म्हणून म्हणते. कापूस लावला की आठ-दहा दिवसांनी आम्ही नांग्या भरतो, म्हणजे जिथे बी उगवलं नाही तिथे पुन्हा लावतो. बी कुठे उतरलं नाही ते बांधावरून दिसत नाही, लांबून शेत हिरवंच दिसतं. सरीत उतरून, एकेक ओळ चालत जाऊन बघावं लागतं. या मुलांचंही तसंच आहे.

घाई कशाची आहे तेही सांगते. डिसेंबर 2023 मध्ये राज्याने नियम केला, की पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा होईल, त्यात मूल कमी पडलं तर पुन्हा परीक्षा, आणि तीही जमली नाही तर मूल त्याच वर्गात राहील. आमची तुकडी आठवीत जाईल 2027-28 मध्ये. म्हणजे मधे फक्त सातवीचं वर्ष. तेरा-चौदा वर्षांच्या मुलाला नापास म्हणून मागे बसवलं तर आपल्या भागात काय होतं? मुलगा दिवाळीनंतर कोयता घेऊन ऊसतोडीला जातो. मुलीचं स्थळ बघायला सुरुवात होते. महामारीच्या आधी, 2019 मध्ये झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत राज्यातल्या 20 ते 24 वयाच्या 21.9 टक्के बायकांची लग्नं अठरा पूर्ण होण्याआधी झालेली होती. टाळेबंदीत तर पन्नास माणसांत, दारापुढेच, खर्चाविना लग्नं उरकून घेतली गेली. तेव्हा आठवी-नववीत असलेल्या आमच्या गावच्या मुलींपैकी काही आज दोन लेकरांच्या आया आहेत. त्यांच्यासाठी आता जे करता येईल ते वेगळंच आहे. आमच्या तुकडीतल्या मुलींसाठी मात्र अजून वेळ आहे.

माझं मागणं मोठं नाही. 2020 च्या जूनमध्ये पहिलीच्या पटावर असलेल्या, आणि त्यांच्या एक वर्ष पुढच्या, एक वर्ष मागच्या मुलांची नावनिशी यादी काढा. ती नव्याने गोळा करायचीही गरज नाही, शिक्षण खात्याच्या सरल पोर्टलवर प्रत्येक मूल आहे. यातली बरीच मुलं आता आपल्या शाळांत नाहीत. कुणी पाचवीला अनुदानित हायस्कूलमध्ये गेलं, कुणी आश्रमशाळेत. यावल, धुळे, नंदुरबार आणि तळोदा इथली आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयं आहेत, त्यांना सोबत घ्यावं लागेल. जे मूल गुजरातेत आई-बापाबरोबर गेलेलं आहे त्याचं नाव 'स्थलांतरित' असा शेरा मारून यादीतून काढू नका, ते अखजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, घरी येतंच.

मग प्रत्येक मुलाला एकेकटं बसवून वाचायला द्या. पाच मिनिटांचं काम आहे. पण एक विनंती, हे वाचन त्याच शाळेच्या शिक्षकाच्या कामगिरीशी जोडू नका, त्यावरून शाळेला क्रमांक देऊ नका. तसं केलंत तर आठवड्याभरात सगळ्या तालुक्यांतून शंभर टक्क्यांचे तक्ते येतील आणि मूल जिथल्या तिथे राहील. केंद्रप्रमुख, डायटचे (जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेचे) अधिव्याख्याते, डी.एड.ची मुलं, शेजारच्या गावचे शिक्षक, कुणीही हे वाचन घेतलं तरी चालेल.

ज्यांना येत नाही त्यांच्यासाठी रोज एक तास. त्या तासात सहावीचा-सातवीचा भेद नको. जो अक्षरांवर अडला तो अक्षरांच्या गटात, जो शब्दांवर अडला तो शब्दांच्या गटात. हे शिक्षकांना येतं, त्यांनी त्याची प्रशिक्षणंही घेतली आहेत. त्यांच्याकडे नाही ती सवड. मतदार यादीचं काम, सर्वेक्षणं, रोजचे फोटो, रोजच्या लिंका. जिल्हा परिषद एवढं तर लिहून देऊ शकते ना, की या एका तासात तालुक्याहून शाळेत कुठलाही फोन जाणार नाही? आणि पाड्यांवर त्या तासाला पावरी किंवा भिली बोलणारं एक माणूस हवंच. बारावी झालेली, घरी बसलेली मुलं-मुली प्रत्येक पाड्यावर आहेत, त्यांना मानधन द्या. फुकट राबवू नका, फुकटचं काम दोन महिन्यांत बंद पडतं.

आयांचंही सांगते. 2022 च्या उन्हाळ्यात 'पहिले पाऊल' अभियानात पहिलीत येणाऱ्या मुलांच्या आयांचे गट केले होते. न शिकलेल्या बायासुद्धा पोरांना चित्रं, वस्तू, गोष्टी घेऊन बसत होत्या, आम्ही ते केलं आहे. त्या गटांतल्या बाया अजून गावात आहेत. मोठ्या मुलांसाठी आम्हाला पुन्हा बोलवा. ज्या घरात महामारीत बाप गेला, तिथली आई सकाळपासून मजुरीला जाते, तिच्याकडून ही अपेक्षा करता येणार नाही. तिच्या मुलाची जबाबदारी गटाने घ्यायची, हे आमच्या गावात ठरलेलं आहे. बालसंगोपन योजनेचे पैसे तिला वेळेवर मिळत राहतील एवढं आपण महिला व बालविकासकडे बघा.

आणि पुढच्या वेळेचं. पुन्हा असं काही येणार नाही असं कुणीच सांगू शकत नाही. पहिली लाट ओसरत असतानाच नंदुरबारला तेव्हाचे जिल्हाधिकारी डॉ. राजेंद्र भारूड यांनी ऑक्सिजनचे प्रकल्प उभारायला घेतले, आणि 2021 च्या एप्रिलमध्ये सगळीकडे सिलिंडरसाठी धावाधाव चालली असताना तिथल्या रुग्णांना ऑक्सिजन मिळत राहिला. साक्री तालुक्यातल्या सामोड्याच्या भिल्ल वस्तीतून जिल्हा परिषदेच्या शाळेत आणि मग अक्कलकुव्याच्या नवोदय विद्यालयात शिकलेला हा मुलगा. आधीच विचार करणारी माणसं आपल्या मातीत आहेत, हे त्यातून दिसलं. तसंच शाळेचं आधीच लिहून ठेवा. पुन्हा बंदची वेळ आली तर जिल्हाभर एका आदेशाने सगळं बंद करायचं, की ज्या पाड्यावर महिनोन् महिने एकही रुग्ण नाही तिथे निंबाखाली वर्ग चालू ठेवायचा अधिकार ग्रामसभेला आणि शाळा समितीला द्यायचा? 2021 च्या जुलैत कोरोनामुक्त गावांतले आठवी ते बारावीचे वर्ग उघडायला परवानगी मिळाली होती. तीच मुभा पहिली-दुसरीला आधी मिळायला हवी होती, कारण मोठं मूल पुस्तक घेऊन एकटं बसू शकतं, लहान मूल नाही. बाजार, लग्नं, निवडणुका सुरू झाल्या आणि पहिलीचा वर्ग सर्वांत शेवटी उघडला. असं पुन्हा होऊ देऊ नका.

आमच्या समितीने या मागण्यांचा ठराव करून गटशिक्षणाधिकारी कार्यालयात दिला आहे. आपल्या तिन्ही जिल्ह्यांत हजारो शाळा समित्या आहेत, त्या सगळ्यांना मी हात जोडून सांगते, आपापल्या गावातल्या सहावीच्या मुलांना एकदा वाचायला बसवा आणि तुमचाही ठराव पाठवा. आणि साहेब, उन्हाळी सुट्टी लागायच्या आत यादीचं पत्र निघालं तर जूनमध्ये शाळा उघडल्याच्या पहिल्या आठवड्यापासून तास सुरू करता येईल. जागा, सतरंज्या, दिवा-बत्ती आमच्याकडे आहे. संध्याकाळी सहा ते सात शाळा उघडी ठेवायला आणि मुलांना घरी पोचवायला आम्ही आया तयार आहोत. आपण फक्त शिक्षकांचा तो एक तास मोकळा करून द्या.

आपली,
एका शाळा व्यवस्थापन समितीची अध्यक्ष आणि सहावीतल्या मुलाची आई,
ता. चोपडा, जि. जळगाव